किलवरची दुर्री

डाव्या कानानं मी सत्तावीस वर्षं
ट्रंककॉल जोडले. खांडवा, रतलाम, मुंबई,
"बोलिए, आपकी पार्टी लाइन पर है."
तो कान नोकरीतच राहिला.
आता उजव्यावर भागवते.

सिरपूर तलावाच्या कडेचा रस्ता
सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा. तसा फलक आहे,
त्यावर पाणकावळ्यानं आपलं मत नोंदवलंय.
सकाळी सहाला मी तिथं. हिरवी लेडीज सायकल,
चेनकव्हर घासतं, कॅरिअर खुळखुळतं,
उतारावर फ्रीव्हील टिकटिकतं.
मागून कोण येतंय ते न वळता कळायचं:
खिरवडकरांचा ब्रेक किंचाळायचा,
मांगीलालच्या दुधाच्या किटल्या
एकमेकींची उणीदुणी काढायच्या.
एका कानाला तेवढं पुरायचं.

मग या आल्या. जाड चाकांच्या, काळ्या, बिनआवाजी.
मांजर तरी चालताना वाळकं पान मोडतं.
डाव्या अंगाला वारा लागतो
आणि वारा विरेपर्यंत मुलगा वळणापलीकडे,
एका हातात मोबाईल, पॅडलवर पाय नुसते ठेवलेले,
नव्या जावयानं पाटावर ठेवावेत तसे.

मार्चमध्ये खिरवडकर पडले.
मनगट, दोन ठिकाणी. चष्मा बेशरमाच्या झुडपात.
मुलगा थांबला, हे सांगायला हवं.
"अंकल, मैंने तो हॉर्न मारा था."
मारला असेल. मला शपथ घेता येत नाही,
तो माझ्या डाव्या बाजूनं आला.
मी खूप बोलले. आधी हिंदीत, मग मराठीत,
कारण खरा राग मला हिंदीत पुरत नाही.
"भिया, आंटी क्या बोल री है?"
त्यानं मागे बसलेल्याला विचारलं.

दिवाळीत पुतणीनं दारात एक आणून उभी केली. निळी.
"आत्या, गुडघ्यांना बरी."
चार दिवस जुन्या चादरीखाली ठेवली,
घरात परका पाहुणा असावा तशी.
पाचव्या दिवशी, नीट उजाडायच्या आत,
अंगठा नुसता दाबला.

काय सांगू.
चढ होता तिथं चढ राहिलाच नाही.
इतकी वर्षं ज्यांची मनधरणी केली
ते दोन्ही गुडघे मागच्या बाकावरची पोरं झाले.
बाभळी पळाल्या, बगळे पळाले,
तलाव उजव्या हाताला धावत सुटला,
आणि मी मोठ्यानं हसत होते
हे मला उशिरा कळलं.

वळणाआधी एक माणूस. पाठमोरा, चालत,
मफलर, एक मनगट जरा जपून धरलेलं.
हाक ओठांवर येईतो मी त्यांच्या पलीकडे होते.
आरशात दिसलं:
दोन्ही खांदे कानांपर्यंत गेले
आणि तिथंच राहिले.
ब्रेकवर बोट होतं. खरंच होतं.
पण वळण आलं, वळणानंतर उतार,
आणि उताराला कुणी थांबतं का.

लहानपणी रामबागेत आम्ही
आऱ्यांत पत्ता अडकवायचो,
सायकल फटफटीसारखी वाजावी म्हणून.
चिमटा आईचा, मार आमचा.
त्या रात्री मी पुन्हा चिमटा शोधला.
किलवरची दुर्री घेतली, तिच्यावाचून कुणाचं अडत नाही म्हणून,
आणि निळ्या गाडीच्या मागच्या चाकाला लावली.

तीन दिवस ती फडफडली.
लोक आधी वळून बघायचे, मग हसायचे,
मग बाजूला व्हायचे. या क्रमानं.
चौथ्या दिवशी तलावाच्या टोकाशी फाटली
आणि गाडी पुन्हा गप्प झाली.
दुसरा पत्ता मी लावला नाही.
का, ते विचारू नका.

गुरुवारी आमचा डाव असतो.
खिरवडकरांनी पत्ते पिसले, थांबले,
दुखऱ्या मनगटानं सावकाश मोजले.
"एकावन्नच आहेत."
"पडला असेल कुठं," मी म्हटलं.
ते पत्त्यांकडे बघत आणखी काहीतरी बोलले,
बराच वेळ बोलले.
त्या दिवशी ते माझ्या डावीकडे बसले होते.